त्रिकोण सरकला, फिरला की उलटला?

आलेख कागदावर दोन त्रिकोण दिलेले असतात आणि पहिल्यापासून दुसरा कोणत्या क्रियेने मिळाला, असा प्रश्न विचारलेला असतो. पुष्कळ विद्यार्थी आकृतीकडे नुसते पाहून उत्तर देतात आणि तेथेच फसतात. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ मध्ये भूमितीविषयी जी दृष्टी मांडली, तिचे सार असे की, आकृती हलविली असता तिच्यातील काय कायम राहते ते पाहावे. हा प्रश्नही त्याच दृष्टीने सोडविणे इष्ट होय.

उदाहरणार्थ, अ (१, १), ब (४, १) आणि क (१, ३) हे शिरोबिंदू असलेला काटकोन त्रिकोण घेऊ. अ, ब, क या क्रमाने बोट फिरविल्यास ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जाते. हे बिंदू (६, ३), (९, ३) आणि (६, ५) येथे गेले, तर प्रत्येक बिंदू उजवीकडे ५ व वर २ घरे सरकला आहे. हे स्थानांतरण होय.

आता य-अक्षाच्या डावीकडील दोन त्रिकोण पाहू. पहिल्यात अ, ब, क अनुक्रमे (−१, १), (−४, १), (−१, ३) येथे आहेत. दुसऱ्यात (−१, १), (−१, ४), (−३, १) येथे आहेत. दोन्ही त्रिकोण मूळ त्रिकोणाशी एकरूप आहेत. परंतु पहिल्यात अक्षरांचा क्रम उलटला आहे. म्हणून ते य-अक्षातील परावर्तन. दुसऱ्यात क्रम कायम असून आडवी बाजू उभी झाली आहे. म्हणून ते आरंभबिंदूभोवती ९० अंशांतून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने झालेले परिभ्रमण. बिंदू (२, २), (८, २), (२, ६) असे मिळाले, तर बाजू दुप्पट आणि क्षेत्रफळ ३ वरून १२ चौरस एकक, म्हणजे चौपट होते. असे त्रिकोण समरूप असतात, एकरूप नव्हेत.

शिक्षकांनी येथे एक दक्षता घ्यावी. (१, १), (३, १), (१, ३) हा समद्विभुज त्रिकोण घेतल्यास वरील परावर्तन आणि परिभ्रमण या दोन्ही क्रियांनी तोच एक त्रिकोण मिळतो. शिरोबिंदूंना अक्षरे न देता असा प्रश्न घातला, तर दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात. त्यांपैकी एकाचे गुण कापणे हा विद्यार्थ्यावर अन्याय होय. म्हणून त्रिकोण असमान बाजूंचा घ्यावा आणि अक्षरे अवश्य लिहावीत.

हे ज्ञान केवळ वर्गापुरते नाही. असमान बाजूंच्या त्रिकोणी शेताचा नकाशा पारदर्शक कागदावर उतरविला आणि तो कागद चुकून पालथा ठेवला, तर बांधांची लांबी जुळते, क्षेत्रफळही जुळते. परंतु कागद कितीही फिरविला तरी तो मूळ नकाशावर बसत नाही. यास्तव मापे जुळली एवढ्यावर समाधान न मानता कोपऱ्यांवरील खुणांचा क्रमही ताडून पाहावा.