चार बांध मोजले, पण शेत मोजले का?

समजा, बीड जिल्ह्यातील सिरसाळ्याच्या शिवारात एक शेत विकायचे आहे. त्याचे चारही बांध सरळ आहेत. पण सगळे कोपरे काटकोनी नाहीत. ३३ फुटी साखळीने मोजता बांध ओळीने १३, १४, ९ आणि १२ साखळ्या भरले. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे १ गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. मग हे शेत केवढे?

झटपट हिशेब असा करतात: समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. १३ व ९ ची सरासरी ११, १४ व १२ ची १३. म्हणून ११ × १३ = १४३ गुंठे, म्हणजे ३ एकर २३ गुंठे. हे बरोबर आहे का?

चार काड्या टोकांशी दोऱ्याने बांधून चौकट करा आणि एक कोपरा हळूच दाबा. चौकट कलते, आतली जागा कमी होते. काड्यांची लांबी मात्र तीच राहते! म्हणजे केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरत नाही. आता मध्ये कर्णाची काडी बांधा. चौकट हलेनाशी होते, कारण तिचे दोन त्रिकोण झाले आणि तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो.

आपल्या शेतातही १३ व १४ चे बांध एकीकडे आणि ९ व १२ चे दुसरीकडे राहतील असा कर्ण मोजू. तो १५ साखळ्या भरला. पहिल्या त्रिकोणाची अर्धपरिमिती (१३ + १४ + १५) ÷ २ = २१. तीतून प्रत्येक बाजू वजा केली की ८, ७, ६ उरतात. २१ × ८ × ७ × ६ = ७०५६; त्याचे वर्गमूळ ८४. दुसऱ्या त्रिकोणात ९² + १२² = १५², म्हणून तो काटकोनी; क्षेत्रफळ ½ × ९ × १२ = ५४. एकूण १३८ गुंठे. झटपट हिशेबाने ५ गुंठे जास्त धरले. घेणाऱ्याला नसलेल्या जमिनीचे पैसे मोजावे लागले असते!

हा हिशेब नेहमी जास्तच का दाखवतो? त्रिकोणाची उंची लगतच्या बाजूहून मोठी नसते. म्हणून दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून त्याचे क्षेत्रफळ जास्त होत नाही. चौकोनाच्या बाजू ओळीने अ, ब, क, ड माना. एका कर्णाने भाग केल्यास क्षेत्रफळ ½(अब + कड) पेक्षा जास्त नाही. दुसऱ्या कर्णाने, ½(बक + डअ) पेक्षा जास्त नाही. बेरीज करा. अब + बक + कड + डअ = (अ + क)(ब + ड). म्हणून क्षेत्रफळ (अ + क)/२ × (ब + ड)/२ याहून कधीच जास्त नसते. चारही कोन काटकोन असले तरच दोन्ही सारखे. भूमितीने सुचवले, बीजगणिताने सिद्ध केले!

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच सरासरीच्या या रीतीला ‘स्थूल’ म्हटले होते. कर्ण किंवा लंब दिल्याशिवाय चौकोनाचे क्षेत्रफळ निश्चित होत नाही, हे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त बजावले.

आता तुम्ही सोडवा: चारही बांध १० साखळ्या, एक कर्ण १२ साखळ्या. सरासरीने १०० गुंठे, खरे किती? (उत्तर: ९६ गुंठे.)