घडीची करवत आणि रानातील लाकूडकाम : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

रानातील मुक्काम, गिरिभ्रमण, श्रमसंस्कार शिबिरे आणि फळबागांची कामे यांत लाकूड कापण्यासाठी घडीची करवत उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात या साधनाची रचना, ते चालविण्याची रीत आणि सातारा-सांगली परिसरात त्याच्या वापराला पडणाऱ्या नैसर्गिक व कायदेशीर मर्यादा यांचे विवेचन केले आहे. करवत कशी चालवावी या प्रश्नाइतकाच ती कोठे उघडावी आणि कोठे मिटलेलीच ठेवावी हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : घडीची करवत, लाकूडकाम, शिबिर, वेडी बाभूळ, अभयारण्य, वृक्षतोड नियमन.

प्रस्तावना

आपल्या ग्रामीण भागात लाकूड तोडण्याचे साधन म्हटले की कोयता आणि कुऱ्हाड ही दोनच नावे प्रथम ओठांवर येतात. दोन्ही साधने घावाची आहेत. हात बसलेला असेल तर ती उत्तम काम देतात. तसा तो नसेल तर धोका संभवतो. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात प्रस्तुत लेखकास याचा अनुभव आला. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावी ओढ्याकाठची वेडी बाभूळ काढण्याचे श्रमदान सुरू होते. एका विद्यार्थ्याचा कोयता वाळक्या फांदीवरून सटकला आणि त्याच्याच नडगीवर बसला. जखमेला टाके घालावे लागले. त्या मुलाने पूर्वी कधी कोयता हाती धरला नव्हता. तो देण्यापूर्वी कसा धरावा हे त्याला सांगितले गेले नाही, ही चूक प्रस्तुत लेखकाचीच होती. पुढील वर्षीच्या शिबिरासाठी अधिक सुरक्षित साधनाचा विचार करताना घडीच्या करवतीचा परिचय झाला. त्या परिचयातून हा लेख सिद्ध झाला आहे.

उद्दिष्टे

१. घडीच्या करवतीची रचना व कार्यपद्धती समजून घेणे.
२. ती सुरक्षितपणे चालविण्याची रीत स्पष्ट करणे.
३. सातारा-सांगली परिसरातील लाकूड, हवामान व कायदे यांच्या संदर्भात तिच्या वापराच्या मर्यादा निश्चित करणे.

साधनाची रचना

घडीची करवत म्हणजे मुठीत मिटणारे पाते असलेली लहान करवत होय. मिटल्यावर दाते मुठीच्या खाचेत झाकले जातात. त्यामुळे ती पिशवीत किंवा खिशात बाळगता येते. उघडल्यावर पाते जागच्या जागी पक्के धरून ठेवणारी कळ हा तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ही कळ सैल असेल तर अशी करवत वापरूच नये.

या करवतींचे पाते साधारणतः १७ ते २४ सेंटिमीटर लांबीचे असते. बहुतेक जपानी करवती केवळ ओढताना कापतात, तर स्वीडनमधील बाहको कंपनीची १९ सेंटिमीटर पात्याची लॅपलँडर ही प्रसिद्ध करवत ओढताना व ढकलताना अशी दोन्हीकडे कापते. ओढीवर कापण्यामागे साधे यांत्रिक तत्त्व आहे. पाते ढकलले असता त्यावर दाब येऊन ते वाकू पाहते, म्हणून ते जाड ठेवावे लागते. ओढले असता ते ताणले जाऊन आपोआप सरळ राहते, म्हणून पातळ पाते चालते. पाते पातळ असल्याने काप अरुंद पडतो, भुसा कमी निघतो आणि श्रमही कमी लागतात.

दोन दात्यांमधील पोकळीत कापलेला भुसा साठतो व दाते लाकडाबाहेर आल्यावर तो गळून पडतो. लाकूड फार जाड असेल तर दाते बाहेर येतच नाहीत आणि करवत जड चालू लागते. यावरून पात्याच्या निम्म्या लांबीपेक्षा जाड लाकूड सहसा कापू नये, हा नियम सिद्ध होतो. २० सेंटिमीटरच्या पात्याने १० सेंटिमीटर जाडीपर्यंतचे लाकूड सहज कापता येते. शिबिरातील खुंट, तंबूचे दांडे किंवा चुलीचे सरपण यांस एवढी क्षमता पुरेशी आहे.

कापण्याची रीत

प्रथम बैठक स्थिर करावी. लाकूड दगडावर किंवा ओंडक्यावर टेकवून गुडघ्याने अथवा पायाने दाबून धरावे. मोकळा हात कापापासून किमान वीतभर दूर असावा, कारण सुरुवातीलाच पाते उसळून बोटांवर येण्याचा संभव असतो. पहिले दोन-तीन ओढे हलक्या हाताने घेऊन खाच पाडावी. त्यानंतर पात्याच्या पूर्ण लांबीचे संथ ओढे घ्यावेत. जोर केवळ ओढताना द्यावा. परत नेताना दिल्यास पातळ पाते वाकते वा मोडते.

करवत लाकडात अडकणे ही नवख्यांची नेहमीची तक्रार असते. तिचे कारण लाकडातील ताण व दाब ओळखता न येणे हे होय. फांदीचे टोक अधांतरी असेल तर तिची वरची बाजू ताणलेली व खालची दाबलेली असते. अशा वेळी प्रथम खालून थोडा काप घेऊन मग वरून कापावे. लाकूड दोन्ही टोकांना टेकलेले असेल तर स्थिती उलट होते. तेथे वरून थोडे कापून उरलेला काप खालून घ्यावा.

जिवंत झाडाची जड फांदी काढताना तीन काप घ्यावेत. पहिला काप खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर खालून, जाडीच्या एक-तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या किंचित बाहेर वरून, ज्यामुळे फांदी साल न सोलता खाली येते. तिसरा खोडालगतच्या फुगीर कडेच्या बाहेरून. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी १९७७ च्या सुमारास दाखवून दिले की, झाड जखमेला आतून भिंत घालून कुज रोखते. फांदीच्या मुळाशी असलेली ही फुगीर कड त्या संरक्षणाचा भाग असते. ती कापली गेल्यास जखम मोठी होऊन कुजीला वाव मिळतो. कोयत्याच्या घावाने ही कड सांभाळणे कठीण. करवतीने ते सहज साधते.

परिसरातील लाकूड आणि हवामान

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना निसर्ग झपाट्याने पालटतो. कोयनेच्या खोऱ्यात नवजा येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. पश्चिमेकडे पडलेले लाकूड दीर्घकाळ ओलेच राहते. तेथे करवतीने आखूड तुकडे करावेत आणि कोयता लाकडावर ठेवून त्याच्या पाठीवर ठोकळ्याने ठोकत ते उभे चिरावेत. गाभ्यातील कोरड्या ढलप्या विस्तवासाठी मिळतात. येथे करवत व कोयता परस्परपूरक ठरतात.

पूर्वेकडील बाभूळ व वेडी बाभूळ यांचे वाळलेले लाकूड अतिशय कठीण असते. त्यासाठी बारीक दात्यांचे पाते घ्यावे; ओल्या लाकडासाठी मोठे दाते चांगले. मात्र काटेरी झुडपात आखूड करवत चालविताना हातही काट्यांत जातो. म्हणून जाड हातमोजे व डोळ्यांना चष्मा असावा, आणि बाहेरच्या फांद्या आधी काढत आत जावे. वेडी बाभूळ नुसती कापल्याने संपत नाही. खोडापासून ती पुन्हा फुटते. तिचे बुंधे मुळासकट खणून काढावे लागतात.

शेतीतही या साधनाचे स्थान आहे. तासगाव-मिरज परिसरातील द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी कात्रीने होते. परंतु जुने जाड ओलांडे काढण्यास करवतच लागते. आटपाडीच्या डाळिंब बागांत तर अधिक दक्षता हवी. तेलकट डाग अर्थात तेल्या हा जिवाणूजन्य रोग अवजारांवाटे एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. म्हणून प्रत्येक झाडानंतर पाते सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यावे आणि झाडावरील कापास बोर्डो पेस्ट लावावी.

कायदेशीर व पर्यावरणीय मर्यादा

पाश्चात्त्य देशांतील रानवासाच्या पुस्तकांत उभे वाळलेले झाड कापून शेकोटी करावी, असा सल्ला आढळतो. तो आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येत नाही. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले, चांदोलीस २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये या दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अशा क्षेत्रांत अनुज्ञेशिवाय वनस्पती तोडणे वा वनोपज नेणे हा गुन्हा आहे. त्यात वाळके लाकूडही आले. बामणोलीहून वासोट्यास जाणाऱ्या गिरिभ्रमणकर्त्याने करवत घरीच ठेवावी, हे उत्तम.

स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरही पूर्ण मोकळीक नसते. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन इत्यादी वृक्षांचा समावेश आहे. ती तोडण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

कायद्यापलीकडेही एक विचार आहे. वाळके झाड निरुपयोगी नसते. सुतार पक्षी, पोपट, धनेश यांची घरटी अशाच ढोल्यांत असतात, तर पडलेले लाकूड कुजून मातीला परत मिळते. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरचे वन हे उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. जेथे जंगल माणसांनी वाढविले आहे, तेथे एकेका फांदीचे मोल वेगळे सांगावयास नको.

निगा

काम संपताच पाते कोरडे पुसावे, चिकटलेला डिंक रॉकेलच्या बोळ्याने काढावा आणि तेलाचा पातळ हात द्यावा. बऱ्याच आधुनिक पात्यांच्या दात्यांची टोके उष्णतेने कडक केलेली असतात. ती काळसर दिसतात व कानशीने घासता येत नाहीत; अशा वेळी पातेच बदलावे. करवत दुसऱ्याच्या हाती देताना नेहमी मिटूनच द्यावी.

निष्कर्ष

१. नवख्या विद्यार्थ्यांसाठी घडीची करवत कोयत्यापेक्षा अधिक सुरक्षित आहे. मात्र त्यासाठी प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक आहे.
२. तिच्या स्वच्छ कापामुळे लाकूड कमी वाया जाते आणि झाडाला इजाही कमी होते.
३. या परिसरात तिचे योग्य क्षेत्र म्हणजे शेताचा बांध, फळबाग, वेडी बाभळीने व्यापलेली ओढ्याकाठची जमीन आणि अनुमती असलेली शिबिरस्थळे हे होय. संरक्षित वने व देवराया यांत ती मिटलेलीच राहिली पाहिजे.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपल्या समाजाने अनुभवातूनच घडविली आहे. पुढील शिबिरात विद्यार्थ्यांच्या हाती करवत देताना तिची कळ कशी लावावी हे प्रथम शिकविले गेले, आणि समोरचे झाड कापण्याची खरोखरच गरज आहे काय, हा प्रश्न त्यानंतर लगेच विचारला गेला. शिबिर कोणालाही जखम न होता पार पडले. साधनाचे शिक्षण या दोन्ही गोष्टी मिळूनच पूर्ण होते, असे वाटते.