ग्रॅनाईटचा पट्टा : जमीन आणि विहिरीचे पाणी

लातूरकडून मुखेडमार्गे देगलूरला जाताना दगड बदलतो. काळा पाषाण मागे पडतो आणि करड्या-गुलाबी, गोलसर शिळांचे माळ दिसू लागतात. हा ग्रॅनाईट व नीस खडक. नीस म्हणजे पट्टेदार ग्रॅनाईटच म्हणा. काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, तर हा खडक २५० कोटी वर्षांच्या आसपासचा. लातूर जिल्ह्यातही तो आहे, पण झाकलेला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा काळ्या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली व त्याखाली हा जुना खडक लागला.

हे पट्टे आले कोठून? भूकवचाचे तुकडे एकमेकांवर रेटले गेले की डोंगर उभे राहतात. त्यांच्या मुळाशी दाब व उष्णता इतकी असते की खडक काही अंशी वितळतो आणि त्यातील खनिजे नव्याने मांडली जातात. अभ्रक व हॉर्नब्लेंडचे काळे पट्टे होतात, गारगोटी व फेल्डस्पारचे पांढरे. हिमालयाच्या पोटात असेच घडत आले आहे. आपल्याकडचे डोंगर केव्हाच झिजून गेले. मुळे तेवढी उघडी पडली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक घटकांचा आहे. काळ्या पाषाणात चुना सुमारे १० टक्के, ग्रॅनाईटमध्ये जेमतेम २. पालाश मात्र ग्रॅनाईटमध्ये ४ टक्क्यांच्या घरात, पाषाणात १ टक्क्याहून कमी. गारगोटी कुजत नाही, म्हणून माळावरची जमीन वाळूसर, तांबूस व हलकी असते. अशा जमिनीत नत्र पाण्याबरोबर वाहून जाते. युरिया एकदम न देता विभागून द्यावा.

पाण्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. अभ्रक व हॉर्नब्लेंडमध्ये फ्लोराईड असते. पाण्यात चुना कमी व सोडियम, बायकार्बोनेट जास्त असले की ते सहज विरघळते. पाणी खोल फटींत जितके जास्त काळ मुरते, तितके फ्लोराईड साधारणपणे वाढते. किनवट तालुक्यात हा त्रास आढळला आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग हे पहिले लक्षण. पुढे हाडे व सांधे आखडतात. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही.

म्हणून या पट्ट्यात नवीन बोअर घेतल्यावर ते पाणी पिण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत. त्यापुढे असल्यास पिण्यासाठी मुरमातील उथळ विहिरीचे पाणी तपासून घ्यावे किंवा छपरावरचे पावसाचे पाणी साठवावे. त्याच नमुन्यात सोडियम व बायकार्बोनेटही पाहून घ्यावे, कारण असे पाणी ओढ्याकाठच्या भारी जमिनीला सतत दिल्यास ती चोपण होते.