अर्ज करण्यात कमीपणा कसला?

इंदूरच्या जुन्या वस्तीतील आमच्या वाड्यात एक वृद्ध दांपत्य राहते. काका सत्तर वर्षांचे, काकू सदुसष्ट. काकांनी उभा जन्म कापडाच्या एका पेढीवर हिशेब लिहिण्यात घालविला. तेथे ना प्रॉव्हिडंट फंड, ना निवृत्तिवेतन. मूलबाळ नाही. गरिबीरेषेखालील शिधापत्रिकेवर मिळणारे धान्य आणि काकूंचे पापड-कुरडया एवढाच काय तो आधार. वृद्धापकाळाच्या सरकारी निवृत्तिवेतनाचा विषय आम्ही काढला, तेव्हा काका म्हणाले, "आजवर कोणापुढे हात पसरला नाही. आता शेवटी सरकारपुढे पसरू?"

हे उद्गार आपल्या घरांतून नवे नाहीत. परंतु या बाणेदारपणात एक गैरसमज दडलेला आहे. वार्धक्यात नागरिकाला साहाय्य मिळावे, यासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार तरतूद करावी, असे आपल्या घटनेतील ४१ वे कलम सांगते. हे दान नव्हे. ही राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००७ साली तिला इंदिरा गांधींचे नाव मिळाले आणि २०११ साली वयाची अट पासष्टावरून साठावर आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील व्यक्तीस साठाव्या वर्षापासून केंद्राकडून दरमहा २०० रुपये आणि ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर ५०० रुपये मिळतात. बहुतेक राज्ये त्यात आपली भर घालतात. ती राज्यागणिक निराळी असते.

अखेर काका राजी झाले. त्यांचे कागद सरळ होते. काकूंचे मात्र घोडे अडले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर लग्नात बदललेले नाव, आणि बँकेच्या पासबुकात त्याच नावापुढे कोणी 'बाई' जोडलेले! आडनावातील 'ळ' हिंदी कागदांत शिरताना 'ल' झाला होता, तो वेगळाच. खिडकीवरील कारकुनाने विचारले, "इनमें से आप कौन हैं?" पन्नास वर्षे एकाच घरात नांदलेल्या बाईला आपण एकच आहोत, हे सिद्ध करावे लागले. अर्ज दोनदा परत आला. मग दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र केले, पासबुकातील नाव आधारप्रमाणे करून घेतले, तेव्हा कोठे अर्ज स्वीकारला गेला.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत ही अडचण सर्रास येते. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की गरज पडण्यापूर्वीच घरातील वडीलधाऱ्यांचे कागद एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत. आधार, शिधापत्रिका, पासबुक यांवरील नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळतात काय? मध्य प्रदेशात समग्र आयडीही लागतो; त्यातील नोंदही तपासावी. अर्ज शहरात नगर निगमाकडे, खेड्यात ग्रामपंचायतीकडे द्यावा आणि पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. वेतन सुरू झाल्यावरही हयातीची पडताळणी चुकवू नये.

आता उशिराचा हिशेब. साठाव्या वर्षीच अर्ज केला असता, तर केवळ केंद्राच्या वाट्याचे काकांचे दहा वर्षांचे २४,००० आणि काकूंचे सात वर्षांचे १६,८०० रुपये झाले असते. मागील वर्षांचे हे ४०,८०० रुपये आता मिळणार नाहीत. जन्मभर दुसऱ्याची जमा-खर्चाची वही चोख ठेवणाऱ्या काकांनी हा आकडा स्वतः मांडला, चष्मा काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "समोरच्या आळीतले आमचे सोबती अजून संकोचाने थांबले आहेत. त्यांचे कागद उद्या आपणच पाहू."