‘काळजीपासून दूर’ गांवांतील किराणा

थायलंडच्या आखातावर, बँकॉकच्या दक्षिणेस सुमारें २०० किलोमीटरांवर, हुआ हिन नांवाचें समुद्रकांठचें गांव आहे. १९११ सालीं तेथें आगगाडी पोंचली, १९२३ सालीं रेल्वेचें हॉटेल उघडलें, आणि पुढें राजा प्रजाधिपोक यानें तेथें हवापालटासाठीं वाडा बांधून त्याला ‘क्लाय कांगवोन’, म्हणजे ‘काळजीपासून दूर’, असें नांव दिलें. दैवयोग असा कीं, जून १९३२ मध्यें आपली अनियंत्रित सत्ता संपुष्टांत आल्याची वार्ता राजाला याच गांवीं असतां कळली. वाड्याचें नांव वाचून काळजी दारावरून परत जात नाहीं, हें त्या दिवशीं दिसून आलें.

आज त्या गांवांत इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, स्वीडन इत्यादि देशांतून आलेलीं उतारवयाचीं पुष्कळ जोडपीं बिऱ्हाड करून राहिलीं आहेत. ५० वर्षें पूर्ण झालेल्या परकीयांस थाई सरकार वर्षावर्षानें राहण्याचा परवाना देतें. मात्र त्यासाठीं बँकेंत ८ लक्ष ‘बाट’ (हें तेथील नाणें) शिल्लक, अथवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवावें लागतें. ऊन, समुद्र आणि स्वस्ताई या तीन गोष्टींवर मन जाऊन हीं माणसें येतात. पैकीं ऊन आणि समुद्र यांविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. स्वस्ताई मात्र पारखून घ्यावी लागते, आणि तिची खरी पारख स्वयंपाकघरांत होते.

गांवाच्या मध्यभागीं छत्चाई नांवाचा जुना बाजार आहे. सकाळीं तेथें भाजी, मासळी, फळें आणि वाटलेल्या मसाल्यांचे ढीग मांडलेले असतात. थोडा माल घ्यावयाचा तर ‘खीत’ या मापानें मागावा. एक खीत म्हणजे १०० ग्रॅम. हुआ हिन ज्या प्रांतांत आहे तो प्रचुआप खिरी खान प्रांत अननस आणि नारळ यांच्या पिकासाठीं प्रसिद्ध असल्यामुळें हे दोन्ही जिन्नस तेथें घरचेच म्हणावयाचे. पुष्कळ थाई गृहिणी भात घरीं शिजवितात आणि कालवण बाजारांतून पिशवींत बांधून आणतात. या रीतीनें जेवणाऱ्या बिऱ्हाडाला किराणा जड जात नाहीं. शिवाय तेथें विक्रीच्या मालावर ७ टक्के कर असला, तरी शेतांतून जसाच्या तसा येणारा माल त्यांतून मुक्त आहे.

परंतु साठ वर्षें पाव, लोणी आणि चीज यांवर वाढलेली जीभ परवान्याच्या शिक्क्यानें बदलत नाहीं. थाई पाकक्रियेंत दुधाला पूर्वापार फारसें स्थान नाहीं. १९६२ सालीं डेन्मार्कच्या साह्यानें मुआक लेक येथें दुग्धशाळा सुरू झाली, आणि आज देशी दूध सर्वत्र मिळतें. चीज मात्र बहुतेक बाहेरूनच येतें. गहूं तेथें जवळजवळ पिकत नाहीं. अशा जिनसांवर जहाजाचें भाडें, शीतगृहाचा खर्च, कित्येकांवर जकात आणि शेवटीं तो ७ टक्के कर चढतो. म्हणून चीजच्या लहानशा तुकड्याला जें मोल पडतें, त्यांत कित्येक दिवसांचा तांदूळ घरीं येतो. एकाच गल्लींतील दोन बिऱ्हाडांच्या हिशेबाच्या वह्या पाहिल्या, तर तीं दोन निरनिराळ्या देशांत राहतात असें वाटावें!

तथापि खरा घोर याहून निराळा आहे. खर्च बाटमध्यें आणि पेन्शन पौंडांत, अशी ही दुहेरी गृहस्थी आहे. ब्रिटिश सरकारचा नियम असा कीं, पेन्शनर युरोपांत, अमेरिकेंत किंवा फिलिपाईन्समध्यें राहिल्यास त्याला दरवर्षींची वाढ मिळते. थायलंडांत राहिल्यास ती मिळत नाहीं. २००७ सालीं मूळ पेन्शन पूर्ण हक्कदारास आठवड्याला ८७.३० पौंड होतें. पौंडाचे ६५ बाट धरले, तर ते सुमारें ५,६७५ बाट झाले. २०१९ सालीं मायदेशीं तेंच पेन्शन १२९.२० पौंडांवर गेलें होतें, पण हुआ हिनला बसलेल्या वृद्धाच्या हातीं ८७.३० च पडत होते. आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धांत पौंडाचा भाव ३८ बाटच्या आसपास उतरल्यामुळें त्यांचे सुमारें ३,३१७ बाट होत. बारा वर्षांत वाण्याचे भाव चढले आणि पेन्शन मात्र दोन पंचमांशांहून अधिक घटलें. वारा कधीं उलटही वाहतो. १९९७ सालीं बाट कोसळला, तेव्हां २५ बाटचा डॉलर काहीं महिन्यांत ५० च्याही वर गेला, आणि डॉलरवाले एकाएकीं सधन झाले. परंतु अशा वाऱ्यावर चूल पेटवितां येत नाहीं.

जीं बिऱ्हाडें तेथें सुखानें टिकलीं आहेत, त्यांची रीत मध्यम मार्गाची असते. तांदूळ, भाजी, अंडीं, मासळी हें सारें देशी घ्यावें. पाव घरीं भाजावा. चीज सणासुदीला आणावें. बाजारांत बोलण्यापुरते थाई आंकडे शिकावे. आपल्याकडील शाकाहारी गृहिणीला मात्र बाजारची तयार कालवणें चालावयाचीं नाहींत, कारण त्यांत आंबविलेल्या मासळीचें पाणी सर्रास पडतें. परंतु नारळ, चिंच, कोथिंबीर, हळद, मूग आणि शेजारच्या फेत्चबुरी प्रांतांतील ताडाचा गूळ हें सर्व तिला सांपडेल. तूरडाळ आणि हिंग यांकरितां बँकॉकच्या फाहुरत पेठेंत भारतीयांचीं दुकानें आहेत.

पेन्शन घेऊन दूरच्या रम्य गांवीं राहावें, हा विचार आतां आपल्याही घराघरांतून निघूं लागला आहे. तो निघाला म्हणजे समुद्र किती जवळ आहे हें विचारण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं तीन प्रश्न विचारावे: येणारा पैसा कोणत्या नाण्यांत येणार, महागाईबरोबर तो वाढणार कीं नाहीं, आणि आपल्या ताटांतील किती पदार्थ त्या मातींत पिकतात? उत्तरें समाधानकारक नसतील, तर निदान एक वर्षाचा खर्च त्या गांवच्या चलनांत वेगळा ठेवावा, आणि परतीच्या प्रवासाची रक्कम किराण्याच्या वहींत कधींही मिसळूं नये.