जुनी गाडी आणि घरचे गॅरेज

वार्षिकांकात कविता, कथा, सहलीची वर्णने आणि थोरामोठ्यांची चरित्रे असतातच, आणि ती असावीतही. परंतु आपल्यापैकी पुष्कळ जण ज्या वाहनावर बसून रोज कॉलेजात येतात, त्याच्या पोटात काय चालते याविषयी आपल्या अंकात क्वचितच कोणी लिहितो. म्हणून एका जुन्या मोटारसायकलीची घरच्या घरी निगा कशी राखावी, आणि ती राखताना माणूस काय शिकतो, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. जे लिहीत आहे ते गोठ्यात बसून शिकलेले आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

इंग्लंड-अमेरिकेत सुटीच्या दिवशी घराशेजारच्या गॅरेजमध्ये जुनी एमजी किंवा ट्रायम्फ स्पोर्ट्स कार खोलून बसणे हा कित्येकांचा छंद आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यात स्पोर्ट्स कार कुठून येणार? पण तिची जागा घेणारे एक वाहन आपल्याकडे आहे, ते म्हणजे यामाहा आरएक्स १००. जपानची यामाहा आणि आपल्याकडील एस्कॉर्ट्स यांच्या सहकार्याने १९८५ साली ही गाडी भारतात आली. त्या वेळी रस्त्यावर राजदूत, येझदी, बुलेट या अंगाने जड गाड्या होत्या. आरएक्स १०० चे इंजिन अवघे ९८ सीसीचे, वजन शंभर किलोच्या आसपास आणि ताकद मात्र ११ अश्वशक्ती. हलक्या अंगात एवढे बळ आल्यामुळे ती वासरासारखी उधळे. धुराविषयीचे नियम कडक झाल्यावर १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही मोताळा, मलकापूर, खामगाव, चिखली कुठेही जा, तिचा आवाज अजून ऐकू येतो.

आमच्या घरची आरएक्स माझ्या जन्माआधीची आहे. एका वर्षी कापूस बरा झाला तेव्हा वडिलांनी ती जुनी विकत घेतली. मोताळा तालुक्यातील आमच्या गावात गोठ्याची एक बाजू हेच तिचे गॅरेज. एका खुंटाला बैल, दुसऱ्या बाजूला गाडी. बियाण्याची थैली, डेअरीचे दूध, आजीचा दवाखाना आणि आता माझे कॉलेज, सर्व याच गाडीवर. हल्ली शहरातील हौशी लोक या गाडीला चांगली किंमत देऊ करतात. विकावी की ठेवावी हा प्रश्न आमच्या घरात वर्षातून दोनदा तरी निघतो. विकली तर हाती एकरकमी पैसा येईल, पण नवी गाडी हप्त्यावर घ्यावी लागेल. ठेवली तर ती चालती ठेवली पाहिजे. म्हणजे कोणाला तरी हात काळे करणे आले.

वडिलांना हे फारसे रुचत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. "तुले कॉलेजात शिकाले धाडलं, हात काये करायले नाई," असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे मला समजते. ज्याने आयुष्यभर हात काळे केले, त्याला मुलाचे हात स्वच्छ पाहावेसे वाटणारच. परंतु या कामात डोकेही लागते, एवढेच मला दाखवायचे आहे.

प्रथम इंजिनाची ओळख करून घेऊ. आजच्या बहुतेक मोटारसायकली फोर-स्ट्रोक आहेत. त्यांत पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली गेला म्हणजे एक स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की एक स्फोट पुरा. त्यात फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे वॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि वरखाली होणारा पिस्टनच त्या खिडक्या उघडतो नि झाकतो. म्हणजे मालक आणि दारवान एकच. पेट्रोल-हवेचे मिश्रण पिस्टनच्या खालच्या पेटीतून वर जाते, म्हणून त्या पेटीत वेगळे ऑइल भरून ठेवता येत नाही. वंगणासाठी टू-टी ऑइल पेट्रोलबरोबरच आत सोडावे लागते आणि ते जळते. तो निळसर धूर येतो तो यामुळेच. आरएक्समध्ये हे ऑइल पोचवण्यासाठी छोटा पंप असतो. त्याची टाकी रिकामी राहिली तर पिस्टन सिलिंडरला धरलाच म्हणून समजा.

गाडी बंद पडली की आपण काय करतो? किक मारत सुटतो. मग चोक ओढतो, मग दिसेल तो स्क्रू फिरवतो. आमच्या गावचे मिस्त्रीकाका सातवीपुढे शिकले नाहीत, पण त्यांचा एक नियम आहे: "आधी पाह्य, मंग पाना लाव." इंजिनाला चालण्यासाठी तीनच गोष्टी लागतात. वेळेवर ठिणगी, योग्य मिश्रण आणि सिलिंडरमधील दाब. या क्रमानेच तपासावे.

ठिणगीसाठी प्रथम प्लग काढून त्याचा रंग पाहावा. टोक विटकरी किंवा फिक्या चॉकलेटी रंगाचे असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक. काजळीने काळेभोर असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढुरके असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन तापते आहे. डॉक्टर जीभ पाहतात तसाच हा प्रकार आहे. त्यानंतर पॉइंट पाहावेत. या जुन्या गाडीत ठिणगी पाडण्यासाठी धातूचे दोन ठिपके एकमेकांपासून दूर होतात. इंजिन मिनिटाला ७५०० फेरे घेत असेल तर हे ठिपके एका सेकंदात १२५ वेळा उघडतात. एवढ्या उघडझापीत ते झिजणार, काळे पडणार हे उघड आहे. बारीक पॉलिश पेपरने ते साफ करावेत. त्यांतील अंतर ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावे. फिलर गेज नसेल तर दाढीची नवी पाती उपयोगी पडतात. एका पात्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे तीन-चार पाती एकत्र धरली की झाले माप.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोलकडे वळावे. कार्बोरेटरच्या तळाशी एक लहान वाटी असते. तिच्यात पेट्रोल साठते आणि पितळी जेटच्या सुईएवढ्या छिद्रातून वर ओढले जाते. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि मळणीच्या दिवसांतील भुसा यांना तोटा नाही. एक कण जरी त्या छिद्रात अडकला तरी गाडी हटून बसते. जेट तारेने कोरू नये, छिद्र मोठे होते. पेट्रोलमध्ये धुवून फुंकर मारावी.

या क्रमाचा उपयोग मला एकदा चांगलाच झाला. गेल्या पावसाळ्यात आईला ताप होता म्हणून तिला घेऊन बुलढाण्याला निघालो होतो. राजूरच्या घाटात गाडी दोन-तीन आचके देऊन थांबली. पाऊस, अंधारून आलेले, आई मागे बसलेली. प्लग काढला. ठिणगी निळी आणि जोरदार होती. पण इतक्या किका मारूनही प्लग कोरडा! म्हणजे पेट्रोल वर येत नाही, एवढे निश्चित झाले. टाकीचा कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सैल केला, तर हातावर पेट्रोलबरोबर पाण्याचे मणी आले. टाकीत पाणी उतरले होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसून जेट अडवते. वाटी रिकामी केली, कॉक उघडला, तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. हे सर्व पाऊण तासाच्या आत. आई एवढेच म्हणाली, "बरं झालं, तुले समजते." परीक्षेतील गुणांपेक्षा मला त्या वाक्याचे मोल अधिक वाटले.

इथे नव्या इंधनाविषयी सांगितले पाहिजे. २०२५ पासून आपल्याकडे पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल असते. ते ऊस, तांदूळ आणि आपल्या शेतात पिकतो त्या मक्यापासून तयार होते. शेतकऱ्याच्या घरी त्याचे स्वागतच व्हावे. पण १९९६ पूर्वीची गाडी या इंधनासाठी घडवलेली नव्हती. इथेनॉल हवेतील ओल शोषते, जुन्या रबरी नळ्या आणि वायसर फुगवते, आणि त्यात स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण थोडे पातळ होते. उपाय सोपे आहेत. जुन्या नळ्या बदलाव्यात. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. अधूनमधून प्लगचा रंग पाहावा. तो पांढरा पडू लागला तर जेट एक नंबर मोठा घालावा.

आता आपल्या मित्रांच्या आवडीचा विषय, सायलेन्सर. आतली जाळी काढली, भोक पाडले की गाडी पळते, असा समज आहे. आवाज वाढतो हे खरे. पण टू-स्ट्रोकमध्ये धूर जाण्याची आणि ताजे मिश्रण येण्याची खिडकी काही क्षण एकाच वेळी उघडी असते, त्यामुळे थोडे मिश्रण धुरामागोमाग निसटते. सायलेन्सरचा आतला आकार आधी रुंदावत जाऊन मग निमुळता होतो, तो यासाठीच. धुराच्या दाबाची लहर त्या निमुळत्या भागावर आपटून परतते आणि निसटणारे मिश्रण पुन्हा आत ढकलते. हे तंत्र १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी परिश्रमाने विकसित केले. १९६१ साली त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर देश सोडून गेला आणि हे ज्ञान जपानच्या सुझुकीकडे पोचले. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले, आणि स्वारही डेग्नरच होता! ज्या आकारासाठी एवढे घडले, तो आपण छिन्नी-हातोड्याने बिघडवतो. हाती येतो तो आवाज आणि पोलिसांची पावती. सायलेन्सरची जाळी काढावी ती काजळी झाडण्यासाठी, आणि पुन्हा बसवावी.

घरच्या गॅरेजात काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. गोठ्यात कडबा आणि कुटार असते. तेथे पेट्रोल उघडे ठेवू नये, बिडी-काडी तर नाहीच. हे काम अंगणात करावे. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बोअर आणि क्रँकचे काम लेथवाल्याकडेच द्यावे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तेही चुकवू नये.

तर्कशास्त्राच्या पुस्तकात आपण जॉन स्टुअर्ट मिलची व्यतिरेक पद्धती वाचतो. बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच घटक बदलावा, फरक पडला तर कारण त्यातच शोधावे. १८४३ साली मिलने हे ग्रंथात मांडले. मिस्त्रीकाकांनी मिलचे नाव ऐकलेले नाही. पण एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा आणि किती फिरवला ते लक्षात ठेवायचे, हा त्यांचा दंडक अगदी तोच आहे. वर्गात मला ही पद्धती लगेच समजली, कारण ती गोठ्यात माझ्या हाताने झालेली होती. पुस्तकाने तिला नाव दिले. दोन्ही ठिकाणी शिकलो याचा मला संकोच वाटत नाही.

२०२० नंतरच्या गाड्यांत कार्बोरेटर जवळजवळ उरलेला नाही, पॉइंट तर कधीच गेले. दोष शोधायलाही तेथे यंत्र लावावे लागते. धूर कमी झाला हे चांगलेच झाले. मात्र कानाने इंजिन ओळखणारे मिस्त्री आता म्हातारे होत चालले आहेत आणि त्यांचे ज्ञान कोणी लिहून ठेवलेले नाही. लिहिणे हे तर आपल्यासारख्यांचे काम! ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल, त्यांनी येत्या सुटीत आपल्या गावच्या मिस्त्रीजवळ चार दिवस बसावे, एक वही सोबत न्यावी, आणि पहिल्या पानावर प्लगचा रंग लिहून ठेवावा.