घर बांधताना माणसे जपा

शेतातली कामे उरकली, उन्हाळा लागला, की कुही तालुक्यात घरांची कामे निघतात. गोसेखुर्द प्रकल्पात या तालुक्यातली अनेक गावे उठली आणि पुनर्वसनाच्या गावठाणांत नवी घरे उभी राहिली. आंभोऱ्याला वैनगंगेवर केबलवर तोललेला मोठा पूल झाला. अशा पुलाच्या कामावर अभियंते असतात, सुरक्षेची जबाबदारी कुणावर तरी सोपवलेली असते. चार खोल्यांच्या घरावर मात्र असतात एक मिस्त्री, दोन बिगारी, एक रेजा आणि घरमालक. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली झालेल्या कायद्यातून दहापेक्षा कमी कामगारांची कामे वगळली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही अशी छोटी कामे बाहेरच आहेत. म्हणून इथे घरमालकानेच लक्ष घालायला हवे.

पहिला धोका उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपलीकडे जातो. घाम सुकतो तेव्हा शरीर थंड होते, पण घाम यायला पोटात पाणी हवे. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. काम पहाटे सुरू करून अकराला थांबवावे, उरलेले चारनंतर करावे. नव्या माणसाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेव्हा पहिले काही दिवस त्याला हलके काम द्यावे. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच 108 ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

दुसरा धोका पडण्याचा. परांचीचे बांबू आणि दोर रोज सकाळी तपासावेत. एकच फळी न टाकता दोन-तीन फळ्या जोडून बांधाव्यात. स्लॅबच्या कडेला कमरेइतका आडवा बांबू बांधला, तरी तोल गेलेल्या माणसाला आधार मिळतो.

तिसरा धोका चटकन दिसत नाही. ओले सिमेंट कातडी जाळते; रबरी हातमोजे आणि गमबूट घालावेत, अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. फरशी कोरडी कापली की उडणारी बारीक धूळ दुपट्ट्यातूनही आत जाते. तिने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. फरशीवर पाणी सोडून कापली, तर धूळ जागीच बसते.

चौथी गोष्ट नोंदणीची. वय 18 ते 60 असलेल्या आणि मागील 12 महिन्यांत 90 दिवस बांधकाम केलेल्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवता येते. त्यासाठी कामाचे प्रमाणपत्र लागते. ते मिळवून द्यायला मिस्त्रीला मदत करा.

पाण्याचा माठ, चार बांबू, हातमोज्यांचे जोड यांचा खर्च घराच्या खर्चात जाणवतही नाही. पण घर बांधणाऱ्या माणसाचे बरेवाईट झाले, तर त्याचे स्वतःचे घर बसते.